अर्धा गडवा

रूपलाल कटरे माझे शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत आहे आणि तिच्यावरून त्यांनी गेल्या उन्हाळ्यात मला जेवढी अक्कल शिकवली, तेवढी रेल्वेनं उभ्या नोकरीत शिकवली नाही. मी रेल्वेत गँगमन होतो. रुळांची देखभाल करण्यात आयुष्य गेलं, आता पेन्शन खातो आणि एक जुनी मोटरसायकल बाळगून आहे. ती एका सकाळी धुवायला काढली, एवढाच माझा गुन्हा.

“काय करून राहिला गा भैय्यालाल?”

“गाडी धुवून राहिलो, भाऊ.”

“काऊन? गाडीले पाहाले सोयरे येऊन राहिले का? ओल्या फडक्यानं पूस.”

एवढं बोलून त्यांनी भिंतीवरून हात घातला आणि माझी भरलेली बादली उचलून नेली. बादली माझी, पाणी माझ्या नळाचं, गाडीही माझी. संध्याकाळी बादली परत आली ती रिकामी. पाणी घरात एकदा वापरून मग त्यांच्या वांग्यांना मिळालं होतं, आणि वर मलाच सांगण्यात आलं की माझ्या हातून एक चांगलं काम झालं आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की आमचं गाव वाळवंटात आहे. तसं काही नाही. आमचं गाव चोरखमारा तलावाच्या कालव्यावर. गावाला स्वतःचा तलाव, शिवारात जागोजाग बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी. पावसाळ्यात बेडूक चुलीजवळ येऊन बसतात आणि पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. पाणी जपून वापरा, असं आमच्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला आधी जेवू घातलं असतं आणि मग कुणाला तरी सोबत देऊन त्याच्या घरी पोचवलं असतं.

पण आता घरोघर नळ आले. आले तेव्हा आम्ही त्यांना हार घातले, नारळ फोडले, फोटो काढले. दुसऱ्याच उन्हाळ्यात नळाच्या विहिरीनं तळ दाखवला आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सूचना सुरू झाल्या. पाणी एक दिवसाआड येईल, तेही तासभर. नळाचं पाणी झाडांना घालू नये. गाड्या धुऊ नयेत. नळाला टिल्लू पंप, म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढून घेणारी ती लहानशी मोटर, लावलेला दिसला तर जप्त होईल. हे सगळं बघायला एक पाणी समिती नेमायची ठरली. ग्रामसभेत समितीचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. रूपलालभाऊ तेवढ्यात तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला बाहेर गेले होते. परत आले तेव्हा ते अध्यक्ष झालेले होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं ते पद घरी नेऊन ठेवून दिलं असतं. यांना गोंदियात एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. टोपी, कापडी पिशवी आणि दुपारचं जेवण. टोपी त्यांनी डोक्यावर घातली आणि प्रशिक्षण डोक्यात शिरलं, ते काही केल्या निघेना. कुंता वहिनी, म्हणजे त्यांची बायको, भर पंगतीत मला म्हणाल्या होत्या, “माझं लगन ह्या मानसासंगं झालं का नळाच्या तोटीसंगं, हे मले अजून समजून नाही राहिलं.”

त्यांचंही चूक नव्हतं. घरातल्या प्रत्येकानं प्लास्टिकच्या मोठ्या टपात बसून आंघोळ करायची आणि टप उचलून पपईला ओतायचा, असा नियम झाला. रूपलालभाऊंचं वजन पाहता त्यांना त्या टपातून उठवायला कधीकधी मुलगा लागायचा. तांदळाचं धोवण वांग्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी राखेसकट कारल्याला, दुसरं पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी अंगणाला. घराच्या नळाला त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधली. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाज्यांच्या जागेत, दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या काठ्यांना टांगल्या आणि नळी रोपाच्या बुडाशी सोडली. बुडाशी धानाचं तणसही पसरलं, ओल टिकावी म्हणून. बघणाऱ्याला वाटायचं, कटऱ्यांची वांगी आजारी आहेत. खरं सांगायचं तर वांगी फार उत्तम आली. मी स्वतः खाल्ली आहेत. तो माणूस पाणी वाचवायला चुकत नव्हता, आणि हीच खरी अडचण होती, कारण त्याला चूक दाखवायची तरी कशी.

एकच चूक मला दिसत होती आणि ती चार एकरांची होती.

आमच्याकडे पावसाळ्यात धान होतोच, पण बोअर झाल्यापासून लोक उन्हाळ्यातही धान लावतात. धानाला पाणी लागतं म्हणजे किती, तर बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, पाऊल रुतलं पाहिजे इतकं, आणि तेही एप्रिलच्या उन्हात. रूपलालभाऊंचा उन्हाळी धान गावात नंबर एक. विजेची लाईन आली की त्यांची मोटर सुरू व्हायची आणि लाईन जाईपर्यंत हत्तीच्या पायाएवढी धार बांदीत पडत राहायची. घरी मात्र ते चुळीचं पाणी मोजत. मी एकदा भिंतीवरून विचारलंच.

“भाऊ, नळाची विहीर आन तुमचा बोअर, दोन्ही एकाच जमिनीत आहेत ना?”

“ते शेतीचं पानी आहे गा. हे घरचं.”

“जमिनीले मालूम आहे का?”

त्यांनी टोपी नीट केली आणि मी गाडी ओल्या फडक्यानं पुसतो की कोरड्या, याची चौकशी केली. उत्तर नसलं की ते चौकशी करत. पण एक सांगायला हवं, हा प्रश्न त्यांनाच विचारायचा मला काही अधिकार नव्हता. अर्ध्या गावाचा उन्हाळी धान होता, आणि भोंग्यावरून पाणी जपा म्हणणाऱ्याचाही होता.

आता गडव्याकडे येतो.

गडवा म्हणजे पितळेचा मोठा तांब्या. आमच्याकडे पाहुणा अंगणात आला की सगळ्यात आधी त्याच्यासमोर पाण्याचा गडवा येतो. काठोकाठ भरलेला. घरची बाई तो पाहुण्याच्या पायाशी ठेवते, पाहुणा पाय धुतो, चूळ भरतो, मग खाटेवर बसतो आणि मग बोलणं सुरू होतं. त्याआधी ‘कसे आलात’ असंही कुणी विचारत नाही. भरला गडवा म्हणजे या, बसा, घर तुमचंच आहे. आणि सोयरिकीच्या माणसांपुढे गडवा अर्धा ठेवला तर त्याचा अर्थ, आमचा विचार नाही, चहा घ्या आणि निघा. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं, ते काम गडवा करतो. अर्धे गडवे ठेवून आमच्याकडच्या शहाण्या माणसांनी कितीतरी सोयरिकी विनाभांडण मोडल्या आहेत.

रूपलालभाऊंनी एप्रिलपासून सगळ्याच पाहुण्यांचा गडवा अर्धा केला. त्यांचं म्हणणं, पाहुणा पायावर दोन ओंजळी घेतो आणि उरलेलं पाणी डोळ्यांदेखत सिमेंटवर ओतून देतो. तेही खरंच होतं. गावातल्यांनी आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. कटऱ्यांकडचा अर्धा गडवा म्हणजे अपमान नाही, समिती आहे, हे गावात सगळ्यांना कळलं. गावाबाहेर ते कुणाला कळणार होतं?

त्यांचा मुलगा खुमेंद्र तिशी ओलांडलेला. शांत पोरगा, कामाला वाघ, दिसायला चारचौघांत उठून दिसेल असा. दोष एकच, शेती करतो. हल्ली मुलीकडचे आधी नोकरी विचारतात, मग पगार, आणि शेती म्हटलं की त्यांना अचानक गाडीची वेळ आठवते. अशा किती सोयरिकी फिसकटल्या ते कुंता वहिनींनी मोजायचं सोडून दिलं होतं. पोराच्या डोक्यावरचे केस मागे सरकू लागले तसं त्यांचं जेवण कमी होत गेलं.

म्हणून मी मध्ये पडलो. नोकरीची बरीच वर्षं मी दरेकशाच्या बाजूला काढली होती, तिथले उदाराम पटले माझ्या चांगल्या ओळखीचे. डोंगराच्या उतारावर त्यांची थोडी शेती. मुलगी उर्वशी, बीए झालेली, बापाबरोबर बांदीत उतरणारी आणि तोंडाची फटकळ. एका लग्नात तिनं आणि खुमेंद्रनं एकमेकांना पाहिलं होतं, त्यानंतर फोन सुरू झाले, आणि फोनवर आमचा मुका खुमेंद्र तासतासभर काय बोलतो हे वहिनी दाराआडून ऐकायच्या आणि मला येऊन सांगायच्या. पोरांचं जमलं होतं. उरला होता तो फक्त मोठ्या माणसांचा कारभार. उदारामजींची अट एकच. “भैय्यालाल भाऊ, पोट्टीले मान भेटला पायजे. बाकी मले काही नाही पायजे.”

घर पाहायला यायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी भिंतीजवळ जाऊन रूपलालभाऊंना हात जोडले.

“भाऊ, उद्या गडवा भरून ठेवजा.”

“काऊन?”

“काऊन म्हनजे? सोयरे येऊन राहिले.”

“अध्यक्षच नियम मोडन त गाव काय करन? उदारामजी समजदार मानूस आहे. मी समजावून सांगीन.”

समजावून सांगायचा मोठाच शौक होता त्यांना.

दुसऱ्या दिवशी उदारामजी, त्यांच्या पत्नी निर्मलाबाई आणि दोन नातेवाईक आले. मी त्यांना स्टँडवरून घेऊन आलो होतो, त्यामुळे आत काय चाललंय ते मला दिसलं नाही. पुढे वहिनींकडून कळलं. त्यांनी गडवा काठोकाठ भरला होता, पदराखाली झाकून बाहेर निघाल्याही होत्या. उंबऱ्यात नवऱ्यानं गडवा हातातून घेतला, अर्धं पाणी टपात ओतलं आणि परत दिला. पाहुण्यांसमोर नवऱ्याशी भांडायचं नाही म्हणून ती बाई तसाच अर्धा गडवा घेऊन अंगणात आली. 

उदारामजींनी गडव्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. निर्मलाबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. उदारामजींनी दोन बोटं बुडवून पायाच्या अंगठ्यांना लावली आणि ते खाटेच्या कडेला बसले, टेकले नाहीत. पोहे आले, चहा आला. रूपलालभाऊंनी त्यांना टपातली आंघोळ, सलाईनची वांगी आणि राखेचं पाणी असं सगळं सविस्तर सांगितलं. फक्त गडव्याचं सांगायचं राहिलं. जे समजावून सांगतो सांगतो म्हणून बसले होते, तेच नेमकं ते वांग्यांच्या भरात विसरले! पाहुण्यांनी ना स्वयंपाकघर पाहिलं ना सांदवाडी. चहा होताच उदारामजींना गाडीची वेळ आठवली.

“लय सज्जन मानसं,” रूपलालभाऊ मला म्हणाले. “किती शांतपनानं आयकले!”

संध्याकाळी उदारामजींचा मला फोन आला. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “भैय्यालाल भाऊ, त्यायले करायचं नव्हतं त बोलावले कायले? आमी गरीब असून गा, पन आमच्या दारी कुत्र्यालेही भरून पानी ठेवतो.” फोन ठेवला गेला. तिकडे उर्वशीनंही खुमेंद्रचा फोन उचलणं बंद केलं.

मी जाऊन कटऱ्यांच्या अंगणात हे सांगितलं तेव्हा वहिनी खाली बसल्या. रूपलालभाऊ म्हणू लागले, अरे पण त्यात काय, मी फोनवर समजावतो. तेव्हा खुमेंद्र, जो बापासमोर आजवर मान वर करून बोलला नव्हता, एवढंच म्हणाला, “बाबूजी, राहू द्या. माह्या लगनाचंही पानी वाचलं.” आणि सायकल घेऊन शेताकडे निघून गेला. तो मग जेवायलाही घरी येईना. वहिनी डबा बांधून पाठवायच्या, नवऱ्याचं ताट वाढायच्या आणि तिसऱ्याच दिशेला बघत बसायच्या. रूपलालभाऊंनी आपणहून नळाचं कुलूप काढलं. कुणी नळाला हात लावला नाही.

शेवटी वहिनींनीच तोंड उघडलं. “आता टोपी ठेवा आन जा. भैय्यालाल भाऊले संगं न्या. त्यायच्या पायावर डोकं ठेवा, नाही त पोराचं तोंड पाहू नका.”

आम्ही गोंदियाहून पॅसेंजर पकडली. मे लागला होता. सालेकसा मागे पडलं की जंगल सुरू होतं, पण त्या दिवसांत ते जंगलही वाळलेलं, सगळा पानांचा खच. रूपलालभाऊ खिडकीशी बसून होते. टोपी नव्हती, त्यामुळे त्यांचं टक्कल मला बऱ्याच दिवसांनी दिसलं आणि, काय सांगू, दया आली.

दरेकशाला उतरून पायवाटेनं निघालो तर वाटेत नाला लागला. नाला कोरडा. पात्रातल्या रेतीत खड्डे केलेले होते आणि त्यांच्यात झिरपून आलेलं पाणी बाया वाटीवाटीनं गुंडात, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या घागरीत, भरत होत्या. वाटी खरवडली की थांबायचं, पाणी वर येऊ द्यायचं, परत वाटी लावायची. त्या बायांत निर्मलाबाई होत्या आणि शेजारी उर्वशी, गुडघ्यावर बसलेली, हात कोपरापर्यंत खड्ड्यात. तिनं आम्हाला पाहिलं. आधी गुंड भरून घेतला. मग तो डोक्यावर घेऊन म्हणाली, “चाला. आलेच आहे त घरी चाला.”

रूपलालभाऊ तिच्या मागून चालले. चढावर तिच्या गुंडातून एक थेंब सांडला नाही, आणि ते वाटभर त्या गुंडाकडेच बघत होते.

उदारामजींनी आम्हाला पाहून तोंड फिरवलं नाही. ते फक्त आत बघून म्हणाले, “पाहुने आले.” त्यांच्या अंगणात पाय धुवायचा एक दगड होता, त्यावर रूपलालभाऊंना उभं केलं. उर्वशीनं डोक्यावरचा गुंड उतरवला, त्यातून गडवा भरला आणि आणून त्यांच्या पायाशी ठेवला. काठोकाठ. इतका की पाणी कडेवर फुगून उभं होतं.

आणि रूपलालभाऊ हलेनात.

मी कोपरानं ढोसलं. ते गडव्याकडे बघत उभे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, मी शेजारी आहे त्यांचा. वाटीवाटीनं आणलेलं ते पाणी पायावर ओतायचं म्हणजे त्यांच्या लेखी पाप, आणि न ओतावं तर याच माणसांचा दुसऱ्यांदा तोच अपमान. उदारामजींचा चेहरा बदलू लागला.

“काऊन जी? आमचं पानी नाही चालत का?”

“तसं नाही गा उदारामजी,” रूपलालभाऊ म्हणाले. “पोरीनं हे वाटीवाटीनं भरलं. मी पाह्यलो. पायावर कसा ओतू?”

“आम्ही भरून देऊन राहिलो त तुम्हाले जड जाऊन राहिलं?”

“काकाजी,” उर्वशी मध्येच म्हणाली, “तुम्ही कोठे उभे आहा ते त पाहा.”

त्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. मी त्या अंगणात इतक्या वेळा पाय धुतले होते, पण कधी खाली बघितलं नव्हतं. दगड लिंबाच्या बुडाशी होता. दगडाला थोडा उतार होता, उतारावरून पाणी आळ्यात जायचं, आळं भरलं की बारीक पाटानं पुढे मिरच्यांना. त्या जळत्या उतारावर ते एकच झाड हिरवंगार होतं आणि लिंबांनी लगडलेलं.

“बुढ्याच्या बुढ्यानं लावलं,” उदारामजी जरा नरमून म्हणाले. “पाहुने आले का त्याले पानी. लगनसराईत लिंबू लय धरते.”

रूपलालभाऊंनी गडवा उचलला. आधी उजवा पाय धुतला, मग डावा. सगळा गडवा हळूहळू रिता केला, एक थेंब बाहेर न जाऊ देता. मग ओंजळीत उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि तोंड बराच वेळ पंच्यात धरून उभे राहिले. ते रडत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच रडताना पाहिलं.

“माह्याही अंगनात असाच दगड होता,” ते पंच्यातूनच म्हणाले. “जांबाच्या झाडाखाली. धान वाळवाले जागा पायजे म्हनून मीच झाड तोडलो आन सिमेंट टाकलो. मंग पानी वाया जाते म्हनून गडवा अर्धा केलो. उदारामजी, मी पोरीले ‘नाही’ नाही म्हटलो गा. मी येडा आहो, एवढंच.”

त्या जांबाचे पेरू मी लहानपणी भिंतीवरून चोरून खाल्ले आहेत. झाड पाडलं तेव्हा त्यांच्याबरोबर मीही कुऱ्हाडीला हात लावला होता. पाण्याचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

चहा झाला. उदारामजी आता खाटेवर टेकून बसले होते. उर्वशी कपबशा उचलायला आली आणि तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “काकाजी, तुमच्याकडे उन्हारी धान आहे ना?”

“आहे न! चार एकर.” इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांची छाती थोडी पुढे आली. “यंदा लोंब्या धरून असा निसवला का पाहत राहाव.”

“त्याले किती गडवे लागत असतीन?”

“उर्वशी!” निर्मलाबाई आतून ओरडल्या.

“इचारली फक्त,” ती म्हणाली आणि कपबशा घेऊन गेली.

रूपलालभाऊंनी डोक्याला हात लावला, टोपी नीट करायला. टोपी नव्हती. चौकशी करायलाही तिथं माझी गाडी नव्हती.

निघताना उदारामजी आम्हाला नाल्यापर्यंत सोडायला आले. “येतो आम्ही,” ते म्हणाले. “पोरायचं मन आहे त येतो. पन आधी गडवा पाहीन, मंगच बसीन.”

परतीच्या गाडीत सालेकसा गेलं, आमगाव गेलं. गोंदिया जवळ आल्यावर रूपलालभाऊ एकदम म्हणाले, “दोन एकर.”

“काय दोन एकर?”

“यंदाचा धान त निसवला, आता कापाच लागन. पुढच्या साली दोनच एकर. दोन एकरात चना.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ते पोट्टी घरात येऊन राहिली, त इचारन न रोज.”

अर्धा गडवा शेवटी योग्य ठिकाणी पोचला होता, पण मी ते बोललो नाही. माणसाला दिवसाकाठी किती समजावं यालाही मर्यादा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे धाडधाड आवाज ऐकू आला. रूपलालभाऊ सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन स्वतःच्याच अंगणाचं सिमेंट फोडत होते. घामानं निथळत होते, सिमेंट मात्र मजबूत. स्वतः उभं राहून करून घेतलं होतं ना. रिकामा डबा ठेवायला आलेला खुमेंद्र दारात थांबला.  मग त्यानं पुढे होऊन बापाच्या हातातली सब्बल घेतली आणि म्हणाला, “सरका बाबूजी. तुमच्यानं नाही होत.” दुपारी तो घरीच जेवला. वहिनींनी त्याला इतका भात वाढला की मला भिंतीवरून सांगावं लागलं, पोराचं लग्न होऊ द्या, आताच मारू नका.

भोक पडलं, काळी माती भरली, जांबाचं रोप लागलं आणि त्याच्या कडेला जुना दगड बसवला. तो दगड वहिनींनी इतकी वर्षं कपडे आपटायला सांदवाडीत जपून ठेवला होता.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. या वेळी उर्वशीही आली होती. अर्धं गाव काहीतरी काम काढून आमच्या भिंतीशी उभं होतं. वहिनींनी गडवा आणला तो असा भरून की चालताना त्यांच्याच पायावर सांडत होता, आणि नवऱ्यानं काही म्हणावं याची त्या वाटच बघत होत्या. नवरा काही म्हणाला नाही. खुमेंद्र खांबाला टेकून उभा होता, त्याचे डोळे गडव्यावर होते आणि उर्वशीचे खुमेंद्रवर.

उदारामजींनी गडव्यात पाहिलं. मान हलवली. दगडावर चढले आणि उजव्या पायावर धार धरली. पाणी रोपाकडे न जाता दगडाच्या उजव्या कडेनं सिमेंटवर जाऊ लागलं, कारण दगड बसवताना आम्ही घाईत उतार उलटा धरला होता. रूपलालभाऊंचे ओठ हलले. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच एक पाऊल मागे सरलो. त्यांनी ओठ मिटले, मूठ आवळली, आभाळाकडे पाहिलं. धार चालूच होती. मग त्यांच्यानं राहवलं नाही.

“उदारामजी,” ते हात जोडून म्हणाले, “पाहिजे त आनखी एक गडवा भरून देतो, पन जरासे डाव्या अंगाले सरका.”

 उदारामजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या वीतभर रोपाकडे. मग डावीकडे सरकले आणि उरलेला गडवा त्यांनी रोपाच्या बुडाशी ओतला.

“आना दुसरा,” ते म्हणाले, आणि जाऊन खाटेवर ऐसपैस टेकून बसले.